राजीनाम्याची तारीख सेल डीडवरून ठरवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘ताई, मी फोंडा तालुक्यात राहते. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात सहा वर्षं झाली, हातात ५८ हजार येतात. नवऱ्याची टुरिस्ट टॅक्सी आहे. जानेवारीत आम्ही फोंड्यात एक जुना फ्लॅट ४८ लाखांना ठरवला. अ‍ॅग्रीमेंट केलं, ५ लाख दिले. बँकेने ३६ लाखांचं कर्ज मंजूर केलं, सँक्शन लेटर ऑगस्टपर्यंत चालतं. फ्लॅट दोन भावंडांचा, त्यांच्या आईकडून आलेला. बहीण इथेच असते, भाऊ पोर्तुगालला. त्याचं मुखत्यारपत्र ‘येतंय येतंय’ म्हणता म्हणता पावसाळा लागला. आता कुंडईच्या एका कंपनीने मला ऑफर दिली आहे. साडेअकरा लाखांचं पॅकेज, घरापासून वीस मिनिटांवर. पण दोन महिन्यांत रुजू व्हा म्हणतात, आणि माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे. म्हणजे राजीनामा आत्ताच द्यायला हवा. ऑफिसातल्या मैत्रिणी सांगतात, बँकेला काही कळवू नकोस, चेक निघाला की मग कोण विचारतं. आई म्हणते, घर होईपर्यंत नोकरीला हात लावू नकोस. नवऱ्याला गणेश चवथीआधी नव्या घरात जायचंय. रात्र रात्र झोप येत नाही. काय करू?’

—

ताई, आधी एक गोष्ट मनावरून उतरवून ठेवा. घर आणि नोकरी यातलं एक सोडायचं, अशी तुमची परिस्थिती नाही. दोन्ही तुमच्या हातात राहू शकतात. फक्त कुठलं आधी आणि कुठलं नंतर, एवढंच ठरवायचंय. आणि ते ठरवायला लागणारी सगळ्यात महत्त्वाची माहिती तुमच्या पत्रात नाही. सेल डीड, म्हणजे विक्रीखत, नक्की कधी होणार? ‘महिन्याभरात’ ही तारीख नव्हे. पोर्तुगालहून येणाऱ्या कागदाचं नक्की कुठे अडलंय, हे कळल्याशिवाय राजीनामा टाइपसुद्धा करू नका.

मैत्रिणींचा सल्ला मला अजिबात पटलेला नाही, म्हणून त्याबद्दल आधी बोलते. मी बरीच वर्षं बँकेच्या गृहकर्ज विभागात बसले. सँक्शन लेटर म्हणजे पैसे नव्हेत. अमुक कंपनीत, अमुक पगारावर काम करणाऱ्या माणसाला आम्ही इतकं कर्ज द्यायला तयार आहोत, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. तुमचं पत्र उघडून अटींचं पान वाचा. परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाला तर बँकेला कळवण्याची अट बहुतेक पत्रांत असते, आणि त्याखाली तुमची सही असते. पैसे सोडायच्या आधी बँक ताजी पगार-पावती मागू शकते, सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, पुन्हा पाहू शकते, तुमच्या एचआरला फोन करू शकते.

हा फोन कसा असतो ते सांगते. आमच्याकडे एका जोडप्याची फाइल पूर्ण झाली होती. पे ऑर्डर (विकणाऱ्यांना द्यायचा बँकेचा चेक) तयार, दुसऱ्या दिवशी सब-रजिस्ट्रारकडे वेळ घेतलेली. शेवटची पडताळणी म्हणून आमच्यातल्या एकाने कंपनीत फोन लावला. तिथल्या मुलीने सहज सांगितलं, ‘हो, आहेत ना, नोटीसवर आहेत, वीस तारीख शेवटची.’ नवरा अजून रोज कामावर जात होता, पगार येत होता, कुठेही खोटं काही नव्हतं. तरी पे ऑर्डर ड्रॉवरमध्ये परत गेली. दुसऱ्या दिवशी विकणारे, त्यांचा वकील, दोन साक्षीदार सगळे येऊन बसले, आणि हे दोघं बाहेर पोर्चमध्ये उभं राहून फोनवर फोन करत होते. पुढे दोन महिन्यांनी नव्या कागदांवर त्यांचं काम झालं, पण ते दोन महिने त्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय.

यातलं नीट लक्षात घ्या. बँकेच्या लेखी बदल तुम्ही नवीन जागी रुजू होता त्या दिवशी होत नाही, राजीनामा देता त्या दिवशी होतो. म्हणून ‘नोटीसचे दोन महिने हातात आहेत, तेवढ्यात सेल डीड उरकू’ हा हिशेब धोक्याचा आहे. शिवाय तुमचं सँक्शन ऑगस्टमध्ये संपतं. ते वाढवून घ्यायला गेलात की बँक नव्या पगार-पावत्या मागणार, नोकरीचा रकाना पुन्हा भरायला लावणार. तेव्हा लपवायचं म्हटलं तर लेखी खोटं लिहावं लागेल. तुमच्यासारख्या सरळ मार्गाने चालणाऱ्या बाईने ते करू नये, आणि त्याची गरजही नाही.

आता पोर्तुगालच्या कागदाकडे वळू, कारण खरी गाठ तिथेच आहे.

विकणाऱ्यांच्या वकिलाला या आठवड्यात भेटा, फोनवर भागवू नका. पहिला प्रश्न विचारा: भावाचं लग्न झालंय का, आणि मुखत्यारपत्रावर त्याच्या बायकोची सही आहे का? आपल्याकडे गोव्याच्या नागरी कायद्याखाली वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, वारशाने आलेलीसुद्धा. दोघांच्या सह्यांशिवाय स्थावर विकता येत नाही. गोव्याबाहेरच्या लोकांना हे ठाऊक नसतं, आणि आपल्यातलेही कितीतरी जण ऐन वेळी अडकतात. भावाने एकट्याचं मुखत्यारपत्र पाठवलं आणि बँकेच्या वकिलाने ते परत केलं, तर आणखी दोन महिने गेलेच समजा. इकडच्या बहिणीचं लग्न झालं असेल तर तिच्या नवऱ्याचीही सही लागेल. आईच्या मागे वारस कोण, याचा दस्त किंवा इन्व्हेंटरीचा, म्हणजे कोर्टातल्या वारसा-वाटणीचा, निकाल झालाय का, हेही विचारून घ्या.

दुसरा प्रश्न: मुखत्यारपत्र तिकडे नोटरीसमोर होऊन त्यावर अपोस्टील (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) झालंय का, की भारतीय वकिलातीत सही-शिक्का करून घेणार आहेत? दोन्ही चालतं, पण काय चाललंय ते त्यांना माहीत हवं. कागद इकडे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. भाऊ सहीची तारीख सांगत नसेल, तर तो कागद महिन्यात येणार नाही असं धरून चाला.

तिसरी गोष्ट पैशांची आहे आणि तुमच्यावर येऊ शकते. इथे राहणाऱ्या माणसाकडून ५० लाखांपेक्षा कमी किमतीचं घर घेतलं तर टीडीएसची, म्हणजे विकणाऱ्याचा कर कापून भरायची, भानगड नसते, म्हणून तुम्हाला कोणी काही बोललं नसेल. पण भाऊ अनिवासी असेल तर त्याच्या वाट्यावर कर कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. तिथे ५० लाखांची मर्यादा लागत नाही, आणि दर नेहमीच्या १ टक्क्याहून कितीतरी जास्त असतो. कमी दराने कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून भाऊ मिळवू शकतो, पण त्यालाही वेळ जातो. एखाद्या सीएला आत्ताच गाठा आणि बँकेलाही सांगून ठेवा, म्हणजे पे ऑर्डर कोणाच्या नावे किती रकमेची हे आधी ठरेल. सेल डीडच्या सकाळी हा विषय निघता कामा नये.

एवढं विचारून आलात की खरी तारीख तुमच्या हातात येईल. आणि आणखी एक गोष्ट येईल, जिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. हा उशीर तुमच्यामुळे झालेला नाही, त्यांच्यामुळे झालाय. अ‍ॅग्रीमेंटची मुदत कधी संपते ते पाहा. ती वाढवल्याचा पुरवणी करार आताच लेखी मागा. त्यात दोन वाक्यं घालायला सांगा: उशीर विकणाऱ्यांच्या कागदपत्रांमुळे झाला आहे, आणि तोवर बँकेची मंजुरी बदलली तर नवी मंजुरी मिळेपर्यंत त्यांनी थांबायचं, तुमचे ५ लाख जप्त करायचे नाहीत. आज ते अडचणीत आहेत, म्हणून आज ऐकतील. उद्या त्यांचे कागद पूर्ण झाले आणि तुमचं कर्ज अडलं, तर बोलायची बाजू उलटेल.

आता नोकरी. तारीख महिना-दीड महिन्यात आली, तर माझं स्पष्ट मत आहे की आधी सेल डीड करा आणि बँकेचे पैसे विकणाऱ्यांच्या हातात पडल्यावरच राजीनामा द्या. कुंडईच्या कंपनीकडे रुजू व्हायची तारीख पुढे मागा. मुली हे मागायला फार संकोचतात, जणू ऑफर हिसकावून घेतील. सहा वर्षांचा अनुभव असलेला क्वालिटीचा माणूस रस्त्यावर मिळत नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुयें इथल्या कंपन्या एकमेकींचीच माणसं घेत असतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. सरळ लिहा: ‘माझ्या घराचं विक्रीखत अमुक तारखेच्या सुमारास आहे. कर्जाचं वितरण होईपर्यंत मला सध्याच्या नोकरीत राहणं आवश्यक आहे. मला रुजू होण्यासाठी पंचेचाळीस दिवस वाढवून द्यावेत. मी येणार हे नक्की आहे.’ कारण खरं आहे आणि कोणालाही समजण्यासारखं आहे. नाहीच म्हणाले तर नोटीसचे काही दिवस विकत घ्यायची त्यांची तयारी आहे का विचारा, म्हणजे राजीनामा उशिरा देऊनही वेळेत जाता येईल.

तारीख लांबच असेल, किंवा कंपनी थांबायला तयार नसेल, तर दुसरा रस्ता आहे. राजीनामा देण्याआधी बँकेत जा. काउंटरवर विचारू नका, ज्यांनी तुमची फाइल केली त्यांना ऑफर लेटरची प्रत दाखवा आणि ईमेलनेच विचारा, की या नोकरीवर हेच कर्ज कायम राहील का, कोणते कागद लागतील, प्रोबेशन चालेल का, किती पगार-पावत्या हव्यात. उत्तरही लेखी मागा. तुमच्या बाजूने बरंच काही आहे: तेच क्षेत्र, सहा वर्षांचा सलग अनुभव, वाढलेला पगार. अशा बदलाला बँका सरसकट नाही म्हणत नाहीत. काही जण नेमणूकपत्र आणि पहिली पगार-पावती घेऊन पुढे जातात, काही तीन महिने थांबायला सांगतात. तुमची बँक यातलं काय करते ते राजीनाम्यानंतर कळून उपयोग नाही.

बँकेत जायच्या आधी ते ऑफर लेटर स्वतः एकदा पेन घेऊन वाचा. मला त्यात एक-दोन गोष्टींची शंका येते. नेमणूक खुद्द कंपनीच्या रोलवर आहे की मधल्या एजन्सीच्या? औद्योगिक वसाहतींत गेट एकच असतं, पण आत जाणाऱ्या दोन माणसांचे मालक वेगळे असतात. एजन्सीमार्फत किंवा मुदतीच्या करारावर असाल तर बँकेची नजर पार बदलते, आणि मी तुमच्या जागी असते तर कायम नोकरी सोडून तिथे गेलेच नसते, पॅकेज काहीही असो. दुसरं, साडेअकरा लाखांतले किती कामगिरीवर आहेत? समजा दोन लाख आहेत. उरलेल्या साडेनऊतून कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, तुमचा स्वतःचा पीएफ काढला की दरमहा हातात सत्तर हजारांच्या थोडं आत येतील. वाईट नाही, आजच्यापेक्षा दहा-अकरा हजार जास्त आहेत, आणि वेर्ण्याची रोजची ये-जा वाचते. पण बँक हप्त्याचा हिशेब या आकड्यावर करणार, साडेअकरा लाखांवर नाही. बदलत्या रकमेचा बँका थोडाच भाग धरतात, काही धरतही नाहीत. ३६ लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता साधारण ३१,२०० रुपये येतो. तो दोन्ही पगारांत बसतो. ऑफर मेडिकल आणि पार्श्वभूमी तपासणीवर अवलंबून असेल तर ते दोन्ही होऊन पक्कं नेमणूकपत्र हातात येऊ द्या.

तुमच्या आईबद्दलही लिहायला हवं. त्यांची भीती मला जुनाट वाटत नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा आणि पुन्हा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली तेव्हा, कर्जावर घेतलेले खनिज वाहणारे टिप्पर दारात उभे आणि हप्ते चालू, अशी घरं आपल्या सगळ्यांच्या नात्यात आहेत. त्या पिढीने ‘असलेली नोकरी धर’ हे वाचून शिकलेलं नाही. तरी तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचं काम एका धंद्यावर किंवा एका लीजवर टांगलेलं नाही, तुमचा अनुभव तुमच्यासोबत कुंडईला येतो. आईंना हेच सांगा, आणि राजीनामा कधी देणार आहात तेही सांगा. निम्मी काळजी तिथेच उतरेल.

नवऱ्याशी मात्र जास्त बोलावं लागेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत टॅक्सीचा धंदा बसतो, म्हणजे या महिन्यांत घर तुमच्या पगारावर चालत असणार. नेमक्या याच दिवसांत जुना पगार थांबून नवा सुरू व्हायचा मधला काळ आला, वर पहिला हप्ता, वर घरभाडं, तर ओढाताण होणार. ४८ लाखांतले कर्ज आणि दिलेले पैसे सोडून ७ लाख तुम्हाला भरायचेत, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वेगळी. ती कर्जात येत नाही. हे पैसे बाजूला ठेवलेत ना? त्यांना हात लागला तर बँक तयार असूनही सेल डीड होणार नाही. त्याखेरीज तीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता जवळ असल्याशिवाय नोकरी बदलू नका. सहा वर्षं पूर्ण झाल्यामुळे ग्रॅच्युइटी मिळेल. मूळ पगार ३० हजार धरला तर एक लाखाच्या थोडी वर होते, पण नोकरी सुटल्यावर महिन्याभरात येईल असं धरा, त्याच्या आधी नाही. पीएफ काढू नका, नव्या कंपनीत वर्ग करून घ्या. आणि सेल डीड होईपर्यंत फ्रिज-सोफा हप्त्यावर घेऊ नका, नवं क्रेडिट कार्ड नको.

चवथीची ओढ मी समजते. पण पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांची, बरणी नव्या स्वयंपाकघरात लागावी म्हणून कागद अर्धवट ठेवून घाई करू नका. समजा बँक म्हणाली, नव्या नोकरीच्या तीन पगार-पावत्या आणा. भाडं चौदा हजार धरलं तरी तीन महिन्यांचे ४२ हजार जास्त जातील. नव्या पगारात ते चार महिन्यांत भरून निघतात. पाच लाख आणि बँकेतली पत तशी भरून निघत नाही. हा हिशेब दोघांनी मिळून कागदावर मांडा. नवऱ्याला तो तुमच्या तोंडून नुसता ऐकवलात तर वाद होईल, त्याच्या हाताने मांडू दिलात तर तोच म्हणेल थांबू या.

तेव्हा या आठवड्यात विकणाऱ्यांच्या वकिलाची भेट आणि ऑफर लेटरचं वाचन, एवढंच करा. कंपनीला मुदतीचं पत्र तारीख कळल्यावर पाठवा. बँकेत कधी जायचं ते त्या दोन उत्तरांवरून आपोआप ठरेल. मुखत्यारपत्राचा मसुदा मिळाला तर सह्या कोणाकोणाच्या आहेत ते मला कळवा.

आणि सगळं पार पडल्यावरची एक गोष्ट आताच लिहून ठेवते, कारण त्या आनंदात ती राहून जाते. नवी कंपनी बहुतेक दुसऱ्या बँकेत पगाराचं खातं उघडून देईल. तुमचा हप्ता मात्र जुन्या खात्यातून कापला जायची नोंद असेल. पगार यायचा थांबला की ते खातं साधं होतं, किमान शिल्लक लागू होऊ शकते आणि पहिलाच हप्ता परत जाऊ शकतो. रुजू झाल्याच्या आठवड्यातच हप्त्याचा मँडेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) नव्या खात्यावर करून घ्या, आणि तो लागू झाल्याचा मेसेज येईपर्यंत दोन हप्त्यांएवढे पैसे जुन्या खात्यात राहू द्या.